परसातले झाड, जेसीबी आणि करवत : गावाकडे काम सांगण्यापूर्वी



मे महिना जवळ आला की माहूजमधल्या आपल्या मंडळींच्या बोलण्यात गावचे घर येऊ लागते. कौले परतायची आहेत, विहिरीतला गाळ काढायचा आहे, आणि हटकून एखादे झाड काढायचे आहे. "डॉक्टर, परसातला फणस घरावर कलला आहे. चुलतभाऊ म्हणतो, जेसीबी बोलावून एका दिवसात आडवा करू. हो म्हणू का?" असे कोणी ना कोणी विचारतेच. झाडे तोडणे हा माझा व्यवसाय नव्हे, मी फिजिशियन. पण मुलाकडे बहरीनला येण्याआधी रायगड जिल्ह्यात बरीच वर्षे दवाखाना चालवला. खोडाखाली सापडलेली, करवतीने चिरलेली, फांदीच्या फटक्याने बरगड्या मोडलेली माणसे तिथे येत. जखम शिवताना "हे नेमके कसे झाले?" हे विचारायची सवय मला लागली, आणि झाडे पाडणाऱ्या जाणत्या माणसांनी त्याची उत्तरेही दिली. त्या दोन्हींच्या आधारावर हे लिहितो आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. करोनाचे दिवस होते, इथून गावी जाणे जवळजवळ अशक्य. कामे फोनवर ठरली, पैसे इथून गेले, झाडे तिथे निघाली. वर्ष होते न होते तोच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकले आणि उरलेली झाडेही हलवून गेले. फोनवर काम सांगायचे आणि उक्ते देऊन मोकळे व्हायचे, ही तेव्हा पडलेली पद्धत अजून तशीच आहे. माझे सगळे म्हणणे याच पद्धतीविषयी आहे. करवत ज्याच्या हातात आहे त्याचा जीव किती सुरक्षित, हे बऱ्याच अंशी पैसे देणारा ठरवतो, मग तो समुद्रापलीकडे असला तरी.

आधी हे पाहू की झाड काढायलाच हवे का. कललेले प्रत्येक झाड पडणारे नसते. वर्षानुवर्षे तिरके वाढलेले झाड त्या तिरकेपणासाठी मुळे पसरून बसलेले असते. बुंध्याजवळची माती फुगलेली किंवा तडकलेली असेल, कल गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल, खोडावर अळंबी आली असेल, तर मात्र चिंता करावी. नारळाच्या बाबतीत आणखी एक कारण असते. कुजत पडलेल्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि शेजारच्या चांगल्या माडांवर जातो. सोंड्या भुंग्याचेही माडाशी असेच वैर आहे. हाच सोंड्या इथे आखातात खजुराचा शत्रू आहे, म्हणून किडलेली खजुराची झाडे इथे मुळासकट काढून नष्ट केली जातात. वादळात मोडलेला माड "राहू दे, नंतर बघू" म्हणून वाडीत कुजू देऊ नये, तो यासाठी.

(जाता जाता एक गोष्ट. बहरीनच्या वाळवंटात एकटे उभे असलेले 'जीवनवृक्ष' म्हणून प्रसिद्ध झाड आपण सर्वांनी पाहिले असेल. सुमारे ४०० वर्षांचे ते झाड म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. तिची मुळे किती खोल गेली असतील याचा विचार केला की बुंधा उपटायला निघालेल्या यंत्राची कीव येते.)

परवानगी आधी घ्यावी. नगरपालिका आणि महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो. गावाकडे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, साग ही आपल्या परसातलीच झाडे आहेत. "आपल्याच जागेतले तर आहे" हे उत्तर चालत नाही.

आता यंत्राविषयी. आपल्याकडे प्रत्येक पिवळ्या यंत्राला जेसीबी म्हणतात, पण फरक आहे. चाकांवर चालणारे, पुढे खोरे आणि मागे खोदणारा हात असलेले ते जेसीबी. पट्ट्यांवर चालणारे आणि पूर्ण गोल फिरणारे ते पोकलेन. जेसीबी वाडीच्या अरुंद वाटेने आत जातो, मात्र मागच्या हाताने काम करताना त्याचे दोन्ही जॅक घट्ट जमिनीवर टेकलेले हवेत. पोकलेन जड असते, ताकदीने मोठे असते, आणि वळताना त्याचा मागचा भाग बाहेर फिरतो. त्या मागच्या भागात आणि भिंतीत किंवा झाडात माणूस चिरडला जातो. चालकाला ते दिसत नाही, आवाजात किंकाळीही ऐकू येत नाही.

जेसीबीने उभे झाड ढकलून पाडणे हा गावोगावचा आवडता प्रकार आहे आणि तोच सर्वांत घातकी. खोऱ्याने खोडाला रेटा दिला की शेंडा आधी मागे, म्हणजे यंत्राच्या दिशेने, हेलकावा घेतो. वाळलेली फांदी किंवा अख्खा शेंडा तुटून केबिनवर येतो. झाड पुढे पडू लागले की मुळांची थाळी वर उचलली जाते, आणि यंत्र त्या मुळांवरच उभे असेल तर तेही उचलले जाते. यंत्राचे काम झाड पाडण्याचे नाही. पडलेले झाड धरून ठेवणे, ओंडके उचलणे आणि शेवटी बुंधा काढणे ही त्याची कामे. पाडायचे ते करवतीने, आणि तेही जाणत्या माणसाने.

जाणता माणूस झाड कसे पाडतो ते थोडक्यात सांगतो, कारण आपण फोनवर हे विचारू शकतो. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला आधी खोडाच्या जाडीच्या सुमारे पाव भाग खोल खाच घेतात. मग उलट बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, कापत येतात. पण पूर्ण कापत नाहीत. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी लाकडाची पट्टी ठेवतात. ती पट्टी बिजागरीसारखी वळते आणि झाडाला ठरल्या दिशेला नेते. ती कापली गेली तर झाड कुठेही जाईल. नारळाचे खोड तंतूंचे, बाहेरून टणक आणि आतून मऊ, त्यामुळे त्याची बिजागरी आंब्याइतकी भरवशाची नसते. म्हणून घराजवळचा माड शेंड्याकडून तुकड्या-तुकड्याने उतरवतात. मात्र वादळाने मुळात हललेल्या माडावर पाडेल्याला चढवू नये, कितीही कसबी असला तरी. तिथे क्रेन लागते, आणि तिचा खर्च आपण सोसायचा असतो.

झाड पडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणीही नको. करवतवाल्याची पळण्याची वाट पडण्याच्या दिशेच्या मागे, तिरकी, आधीच साफ केलेली हवी. जवळून विजेची तार जात असेल तर महावितरणचा वायरमन स्वतः येऊन लाइन बंद करेपर्यंत करवत सुरू करायची नाही. "बंद केलीय म्हणे" यावर काम होत नाही.

वादळात उन्मळून पडलेले झाड उभ्यापेक्षा सोपे वाटते. आता ते कुठे पडणार? दवाखान्यात मला सर्वाधिक धडकी भरवली ती याच समजुतीने. उन्मळलेल्या झाडाची मुळे मातीसकट भिंतीसारखी उभी राहतात आणि मागे खड्डा पडतो. खोडाचे वजन त्या भिंतीला आडवे धरून असते. खोड बुंध्याजवळ कापले की ते वजन सुटते आणि कित्येक टनांची ती मुळांची भिंत क्षणात मागे, आपल्या खड्ड्यात, जाऊन बसते. त्या वेळी खड्ड्यात माणूस असेल तर काहीही करता येत नाही. आणि खड्ड्यात माणूस असतो, कारण मुळे तोडायला कोणीतरी उतरलेला असतो, किंवा मुलांना ती जागा लपायला आवडते. म्हणून इथे यंत्र आधी हवे. पोकलेनने खोऱ्याने मुळांची थाळी मागून टेकवून धरावी, मुलांना घरात बसवावे, खड्डा रिकामा आहे हे एकाने स्वतः पाहावे, आणि मगच कापावे. यंत्र नसेल तर बुंध्याला पुरुषभर किंवा त्याहून लांब खोड राखून कापावे, म्हणजे वजन थोडे तरी धरून राहते.

पडलेल्या झाडाच्या फांद्यांतही असाच ताण दडलेला असतो. वाकलेली फांदी धनुष्यासारखी असते. तिच्या एका बाजूला लाकूड ताणलेले, दुसऱ्या बाजूला दाबलेले. ताणलेल्या बाजूने एकदम कापले तर ती फाटून उसळते, आणि तिच्या वाटेत हनुवटी किंवा छाती येते. दाबलेल्या बाजूला आधी थोडी खाच, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू, आणि कापणारा नेहमी दाबलेल्या बाजूला उभा. फांद्या एकमेकींत अडकल्या असतील तर सर्वांत सैल दिसणारी आधी काढावी, आणि ज्याच्यावर दुसरे झाड टेकले आहे त्याला सर्वांत शेवटी हात लावावा.

वजनाचाही अंदाज असावा. फूटभर जाडीच्या ओल्या माडाचा तीन फुटांचा तुकडा साठ किलोच्या घरात जातो. दोन फूट जाडीच्या ओल्या आंब्याचा तेवढाच तुकडा दोनशे किलोच्या वर. "चौघे धरा रे" म्हणून तो उचलता येईल, पण एकाचा पाय घसरला की उरलेल्या तिघांना तो सावरता येत नाही. ओंडके यंत्राने, साखळीच्या स्लिंगने उचलावे. जुन्या वायररोपने किंवा काथ्याच्या दोराने ओढू नये. तुटलेला दोर उलट येतो तेव्हा चाबूक होऊन येतो.

बुंधा काढणे हे शेवटचे काम, आणि इथे यंत्राचा खरा उपयोग आहे. जमिनीलगत कापलेला बुंधा काढणे कठीण जाते, म्हणून माणसाच्या छातीइतके खोड राखायला सांगावे. तीच यंत्राची तरफ. तीन बाजूंनी खणून आडवी मुळे उघडी करायची, खोऱ्याच्या दातांनी किंवा कुऱ्हाडीने तोडायची, मग चौथ्या बाजूने रेटा द्यायचा. मातीतले मूळ चेनसॉने कापू नये. खडे लागून साखळी बोथट होते आणि उसळते. माडाला सोटमूळ नसते, सुतळीसारखी असंख्य मुळे असतात, त्यामुळे त्याचा गड्डा बराच सहज निघतो. आंबा-फणसाचे तसे नाही. खणण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे की नळाची लाइन, शौचालयाची टाकी, जुनी बुजवलेली विहीर कुठे आहे. नकाशे नसतात, पण आजी-आजोबांना आठवते. चालू विहिरीच्या काठाजवळ यंत्र आणू नये, जुना बांध वजनाने ढासळतो.

यंत्राचा हात जिथवर पोहोचतो त्या वर्तुळात करवतवाला नको आणि करवत चालू असताना यंत्र हलायला नको. चालकाला खूण करणारा माणूस एकच. चौघे हात हलवू लागले की चालक आपल्या मनाने वागतो.

आता करवतीच्या जखमा. चेनसॉची साखळी ताशी ७० किलोमीटरच्या पुढे धावते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की पाते उसळून कापणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, मानेकडे येते. आपल्याला कळायच्या आत हे होते, म्हणून "मी सावध असतो" याला अर्थ नाही. साखळीचा ब्रेक चालू स्थितीत असणे, दोन्ही हातांनी अंगठे आवळून धरणे, खांद्याच्या वर कधीही न कापणे आणि शिडीवर चढून न कापणे, एवढ्याने बरेच टळते. उजव्या हाताच्या माणसाला जखम होते ती बहुधा डाव्या मांडीला किंवा डाव्या हाताला. यासाठी खास पँट मिळते. तिच्यात लांब धागे भरलेले असतात, ते साखळीत गुंततात आणि यंत्र जागीच थांबते. लुंगी आणि गळ्यातला टॉवेलही साखळीत गुंततो, फक्त माणसाला ओढून. आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. तेवढ्या आवाजात विनासंरक्षण पंधरा मिनिटे ही दिवसाची मर्यादा मानतात. वर्षानुवर्षे हे काम केलेल्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात. कंपनाने रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात त्याची ती खूण. ते म्हातारपण नव्हे.

कुजक्या बुंध्यात विंचू, फुरसे असतात हे कोकणी माणसाला सांगायला नको. विंचवाच्या विषाने माणसे दगावत असताना महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला, आणि आता वेळेत पोहोचलेला रोगी सहसा वाचतो. वेळेत, हे महत्त्वाचे. मांत्रिकाकडे वाट वाकडी करू नये.

अपघात झालाच तर काय करावे, हे मी जरा सविस्तर लिहितो. कृपया हा भाग कापून गावी पाठवा.

रक्त उसळत असेल तर हळद, कॉफी, माती काही लावू नका. स्वच्छ कापड जखमेत घट्ट कोंबा आणि तळहाताने पूर्ण जोर देऊन दाबून धरा. पाहण्यासाठी उचलू नका. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते, मांडीची मुख्य धमनी तुटली तर ते काही मिनिटांत जीवघेणे ठरते. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या तीन-चार बोटे वर, सांध्यावर नव्हे, दोन इंच रुंद पट्टा बांधा आणि त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. बारीक दोरी किंवा तार नको. वेळ लिहून ठेवा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सोडू नका. पट्ट्याने दुखेल, रुग्ण सोडा म्हणेल, तरी सोडू नका. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. मातीची जखम असल्याने धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.

ओंडक्याखाली माणूस सापडला असेल आणि वजन छातीवर, पोटावर किंवा मानेवर असेल तर क्षणभरही थांबू नका. यंत्राने ओंडका सरळ वर उचला, ओढू किंवा घरंगळवू नका, आणि उचलत असताना खाली ठोकळे सरकवत जा, म्हणजे स्लिंग निसटली तरी तो परत बसणार नाही. फक्त पाय अडकला असेल आणि नुकतेच घडले असेल तर तोही लगेच सोडवा. पण पाय काही तास दाबलेला असेल तर गोष्ट वेगळी. १९४१ मध्ये लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यांनंतर बायवॉटर्स या डॉक्टरांनी नोंदवले की ढिगाऱ्यातून बरी दिसणारी माणसे बाहेर काढल्यावर काही दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून दगावतात. चिरडलेल्या स्नायूंतली द्रव्ये सुटका होताच रक्तात येतात, पोटॅशियम हृदय थांबवू शकते. अशा वेळी १०८ ची गाडी येऊन सलाइन सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीत सुटका करणे हिताचे. सुटका झालेला माणूस "मला काही झाले नाही" म्हणून घरी निघाला तरी त्याला रुग्णालयात न्या. लघवी कमी झाली किंवा काळसर दिसली तर तो धोका आहे.

उन्हाचेही तेच. बहरीनमध्ये आता १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. कोकणातल्या मे महिन्यात असा कायदा नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगाची उष्णता उतरत नाही. काम करणारा असंबद्ध बोलू लागला तर तो दारू प्यायला आहे असे समजू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, गाडी बोलवा.

आता पैशांचे. काम उक्ते दिले, त्यात "लाकूड तुमचे" हा सौदाही केला, की ठेकेदाराची कमाई वेळ वाचवण्यात असते. वायरमनची वाट पाहणे, खड्डा तपासणे, दुपारी थांबणे, हे सगळे त्याला तोट्याचे. म्हणून शक्य तिथे रोजावर द्यावे, यंत्राचे तास वेगळे धरावे, आणि "मी १५ तारखेला येतोय, त्याआधी आटपा" हे वाक्य फोनवर उच्चारू नये. पावसाने काम दोन दिवस लांबले तर त्या दोन दिवसांचा रोज आपण द्यावा. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मजुराला एक विचारावे : प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे का? वर्षाला २० रुपये, बँक खाते हवे, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. नसेल तर त्याला बँकेत नेऊन ते २० रुपये आपण भरावेत. एका झाडाच्या खर्चात ही रक्कम दिसतसुद्धा नाही.

बुंधा निघाला की खड्डा त्याच दिवशी बुजवून घ्यावा, माती दाबून, थोडी उंच ठेवून. पहिल्या पावसात तो भरतो, वर पालापाचोळा तरंगतो, आणि लहान मुलाला ती जमीन वाटते. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता खड्डा बुजल्याचा फोटो आल्यावरच द्यावा.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की या वर्षीच्या मदतीत गावच्या देवळासाठी एक पिशवी धरावी. देऊळ दिवसभर उघडे असते आणि वस्तू कुठे आहे हे सर्वांना माहीत असते. पिशवीत दोन हेल्मेट, जाळीचे मुखसंरक्षक, कानावरचे दोन मफ, करवतीची एक पँट, रुंद पट्टा, जाड गॉजची दहा पाकिटे, कात्री आणि वेळ लिहायला मार्कर. ज्याला झाड काढायचे त्याने न्यावी आणि संध्याकाळी परत आणून ठेवावी. पँट आणि मफ इथूनही नेता येतील. जूनच्या आधी जे गावी निघाले आहेत आणि ज्यांच्या बॅगेत चार-पाच किलोंची जागा आहे, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.